अकराव्या गल्लीची पावलं

शनिवारी दिवेलागणीला मी तालमीच्या कट्ट्यावर बसतो. बावीस वर्षं झाली, एक शनिवार चुकवला नाही. थोरल्या पोरीचं लग्न नेमकं शनिवारी आलं, तर पाहुण्यांची पंगत बसवून अर्धा तास येऊन बसलोच. बायको अजून ते काढते.

मी भूपाल चौगुले, प्रभाग सहाचा नगरसेवक. शिक्षण सातवी, आणि तीसुद्धा दोन वर्षांत. नगरसेवक व्हायच्या आधी पंचवीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं बोंब मारतात तो. आमचं सगळं गावच मागाचं. चोवीस तास खडखडाट. त्या खडखडाटात मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मागाच्या सांगाड्याला लावायचो आणि मूठ कानाला. कुठलं बेअरिंग गेलंय, सूत घेऊन पळणारा धोटा कुठं अडतोय, सगळं कळायचं. मालकाला वाटायचं, हा गडी मंत्र टाकतो. मंत्र कसला? लोखंड थरथरतं, आपण ऐकायचं.

हे मुद्दाम सांगतोय. पुढं लागणार आहे.

तर कट्टा. एकेकाळी चाळीस-चाळीस माणसं यायची. गटार तुंबलं, दिवा गेला, कुत्री वाढली, शेजाऱ्याच्या पन्हाळीचं पाणी आमच्या भिंतीवर पडतंय. निम्मी भांडायला यायची, निम्मी बघायला. मी कुणाला दम द्यायचो, कुणाला चहा. सोमवारी नगरपालिकेत जाऊन टेबलावर बसायचो. खुर्चीवर न्हाई, टेबलावर. काम झाल्याबिगर उतरायचो न्हाई.

मग चार वर्षांमागं चाहूल आली आणि माझा कट्टा ओस पडला.

चाहूल काय ते मला शाहीननं समजावलं. शाहीन मोमीन, आमच्या बशीरभाईची पोरगी. बशीरभाईच्या बारा मागांवर मी जॉबर होतो, ही तेव्हा माझ्या खांद्यावर बसून सुताच्या कांड्या फेकायची. आता इंजिनियर होऊन नगरपालिकेत चाहूलच्या खोलीत बसते.

"चाचा, इंटरनेटसाठी गल्लोगल्ली केबल पुरली होती ना?" ती म्हणाली. "त्यात काचेचा धागा असतो, केसाएवढा. आम्ही एका टोकानं त्यात उजेड सोडतो. काच कितीही चांगली असली तरी आत बारीक बारीक खोट असते. प्रत्येक खोटीवरनं जरासा उजेड माघारी येतो. वरनं माणूस चालला की माती हलते, माती हलली की धागा कणभर ताणतो, आणि माघारी येणारा उजेड बदलतो. किती वेळात आला त्यावरनं जागा कळते. कसा बदलला त्यावरनं माणूस, का स्कूटर, का फुटलेली पाइप, ते कळतं."

"म्हंजे स्क्रूड्रायव्हर," मी म्हणालो.

"हो. सगळ्या गावाला लावलेला एकच स्क्रूड्रायव्हर."

"आणि बोलणं?"

"बोलणं नाही ऐकत. फक्त हादरे."

मला तेव्हा ते बरं वाटलं. लोकांची खासगी बोलणी सुरक्षित, असा मी विचार केला. आता वाटतं, बोलणंच ऐकायला पाहिजे होतं.

पण खोटं कशाला बोलू? काम झकास. जमिनीखाली नळ फुटला की आम्हाला ओल दिसायच्या आत खोदणारी गाडी हजर. पुढं वरनं हुकूम आला की सगळ्या सोयी चाहूलच्या मोजणीवर वाटायच्या. ज्या गल्लीत जास्त पावलं, तिथं पाणी जास्त वेळ, झाडणारी गाडी रोज, दिवे चालू. पावलं कमी, तर सोयी कमी. कुणाचा वशिला न्हाई, कुणाचं टेबल न्हाई. लोक खूश. आणि कट्ट्यावर मी, तालमीतला पोपट सुतार आणि एक कुत्रं.

पोपट म्हणायचा, "आण्णा, ह्या कुत्र्याचं तरी गाऱ्हाणं लिहून घ्या. तेवढीच वहीला शाई."

एका शनिवारी कल्लव्वा आली.

कल्लव्वा अकराव्या गल्लीत राहते. राहायची. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर मागवाल्यांच्या कांड्या भरल्या, नवरा लवकर गेला, पोरबाळ न्हाई. पुढच्या दारापासनं मागल्या भिंतीपर्यंत दहा फुटांचं घर, पुढं तुळस, मागं न्हाणी. ते घर तिनं कांड्या भरून बांधलेलं, एकेक भिंत एकेका दिवाळीला. अंगानं इतकी वाळलेली की लुगडं चालत आल्यासारखी दिसते. पायात कधी चप्पल न्हाई.

"भूपाल, माज्या गल्लीतला दिवा गेलाय रं," ती म्हणाली. "पाणी वीस मिंटं. झाडायला कोण ईना. परवा अंधारात गटारीत पाय गेला."

"लागलं?"

"लागलं असतं तर आलो असतो का हितवर?" आमच्याकडं बायका अशाच बोलतात, आलो-गेलो. "तू हाईस न्हवं? मग दिवा लाव."

तू हाईस न्हवं. चार वर्षांत मला कुणी असं म्हणालं नव्हतं. मला अगदी पैलवान झाल्यागत वाटलं.

सोमवारी शाहीनकडं गेलो. टेबलावर बसायला लागलो तर टेबलच न्हाई, नुसत्या भिंतीवर काचा. तिनं अकरावी गल्ली काढली. एकोणीस घरं. सात बंद, पोरं पुण्याला गेली ती गेलीच. बाकी घरात म्हातारी माणसं, बाहेर पडतात कमी. मोजणी फार खाली.

"बरं, पण कल्लव्वा रोज चालती. सकाळी देवळात, मग दळण, मग दूध. ती धर की."

शाहीननं कल्लव्वाचा पाय गटारीत गेला ती संध्याकाळ काढली. पडद्यावर एक बारीक रेघ थरथरली. तिच्याखाली अक्षरं आली. शाहीननं झटकन हात आडवा धरला, पण मी सातवी असलो तरी वाचता येतं.

कुत्रं, असं लिहिलं होतं.

"वजन फार कमी आहे चाचा," ती खाली मान घालून म्हणाली. "अनवाणी, पाय घासत चालतात. ठोकाच पडत नाही. मशीन शिकवलं तेव्हा असली माणसं त्यात नव्हती."

"मग आता शिकव."

"शिकवणं माझ्या हातात नाही. अर्ज टाकते. वर रांग आहे."

"आणि मी? मी नगरसेवक आहे. मी लिहून देतो की ती माणूस आहे."

"द्या. नगरसेवकाचा अभिप्राय म्हणून जोडते. त्याला शंभरात एक भार आहे."

शंभरात एक. बावीस वर्षं निवडून येतोय मी.

कल्लव्वाला मी एवढंच सांगितलं की गल्लीत वर्दळ कमी आहे म्हणून दिवा न्हाई. कुत्र्याचं बोललो न्हाई. कसं बोलणार? ती म्हणाली, "मग वर्दळ आण. सभेला आणतोस की टेंपो भरून."

म्हातारीनं गमतीनं म्हटलं. माझ्या डोक्यात बल्ब पेटला.

आमच्या धंद्यात गर्दी जमवणं ही पहिली विद्या. पुढारी येणार म्हटलं की दोन तासांत मैदान भरतो. म्हटलं, मशीनला गर्दीच पाहिजे न्हवं? देतो. पोपटला कामाला लावलं. तालमीची पोरं, बंद पडलेल्या मागांवरची माणसं, बचत गटाच्या बाया, दोनशे जण धरले. रोज सकाळी अकराव्या गल्लीतनं ह्या टोकाला, त्या टोकाला, वीस फेऱ्या. संध्याकाळी पुन्हा. नंतर मिसळ. नाव दिलं, आरोग्यासाठी चाला. पोपट पुढं शिट्टी घेऊन.

"जोरात आपटा रं पाय! सरकार झोपलंय खाली!"

तालमीतल्या पैलवानांना वेगळीच खुमखुमी. त्यांनी खांद्यावर वाळूची पोती घेतली. म्हणाले, आण्णा, एकाची दोन पावलं पडतील. मी म्हणालो, शाब्बास. कल्लव्वा दारात गुळाचं पाणी घेऊन उभी. मधेच पदर खोचायची आणि मिरवणुकीत शिरायची. दोन-चार फेऱ्या मारून धापा टाकत यायची. "मी पण मारलो रं सहा. लिव्ह वहीत."

तिसऱ्या आठवड्यात दिवे आले. नवीन तऱ्हेचे, चाहूलला माणसाचं पाऊल कळलं की लागणारे, माणूस गेलं की विझणारे. पाणी चाळीस मिनिटं. झाडणारी गाडी रोज. रस्त्यावर गुळगुळीत थर टाकून गेले. कल्लव्वानं मला दारात उभं करून ओवाळलं. मी बाहेरनं हसत होतो, पण डोळ्यात पाणी आलं, हे कबूल करतो.

त्याच संध्याकाळी बघितलं. ती एकटी दूध आणायला निघाली, आणि तिच्या डोक्यावरचा दिवा काही लागला न्हाई. मागनं मी गेलो, लागला.

"माज्यासाठी लागत न्हाई त्यो," ती म्हणाली. "रुसलाय. असू दे. कोण ना कोण असतंयच की आता गल्लीत."

सहा आठवडे आम्ही चाललो. कुणी थांबा म्हणालंच न्हाई, आणि मिसळ चांगली होती.

मग नोटीस आली.

कागद घेऊन मी शाहीनकडं धावलो.

"चाचा, तुम्ही काय करून ठेवलंत? गावाचा आराखडा दर सहा महिन्यांनी चाहूलच्या आकड्यांवर निघतो. अकराव्या गल्लीत रोज आठ हजार फेऱ्या. वर भरलेल्या हातगाड्यांसारखे हादरे."

"ती पोती होती. पैलवानांची."

"त्यानं ती मालवाहतूक धरली. गल्लीला मुख्य रस्ता ठरवलंय. बारा मीटर रुंदी. दक्षिणेची नऊ घरं त्यात येतात. आठ घरांचे ओटे आणि पुढच्या खोल्या जातील. एक पूर्ण जातंय."

कुठलं ते विचारायची गरज नव्हती. दहा फुटातलं काय उरणार?

"अगं, ते सगळं खोटं होतं! नाटक होतं. मी माणसं आणलेली."

"पावलं तर खरी होती ना?" शाहीन म्हणाली. "का चाललात, ते चाहूल विचारत नाही."

मी तिथंच बसून कागद मागितला. सातवीच्या अक्षरात सगळं लिहिलं. मी, भूपाल चौगुले, खोटी गर्दी जमवली, यंत्राला फसवलं, शिक्षा मला करा, पद काढून घ्या, पण घर पाडू नका. खाली सही, अंगठापण उठवला. शाहीननं तो कागद यंत्रात घातला. दोघं पडद्याकडं बघत बसलो. थोड्या वेळानं ओळ आली. अभिप्राय नोंदवला. भार, एक.

मला शिक्षापण झाली न्हाई. शिक्षा व्हायला तरी कुणीतरी वाचावं लागतं.

"एकच वाट आहे," शाहीन म्हणाली. "पाडायच्या घरांची अंतिम यादी लागायला तीन महिने आहेत. तेवढ्यात मोजणी खाली आली पाहिजे. गल्ली शांत करा."

गल्ली शांत करणं कसं असतं ते ऐका. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. दूध मागल्या भिंतीवरनं घेतलं. स्कूटर कोपऱ्यावर लावली. कुणाला जायचंच झालं तर चपला हातात घेऊन, मांजरासारखं. पोपटसारखा शंभर किलोचा गडी चवड्यावर चालताना बघून हसावं का रडावं कळत नव्हतं. कल्लव्वा म्हणाली, "मी तर देऊळ बी सोडतो. देव काय, घरात बी बसलाय." मी तिला कसं सांगू की तू एकटी बिनधास्त चाल, तुझ्यानं काही फरक पडत न्हाई?

पण दिवे बसवलेले होते. रस्ता गुळगुळीत झालेला. मंडईतनं स्टँडकडं जायला अकरावी गल्ली सगळ्यात जवळची वाट, हे आमच्या सहा आठवड्यांच्या दंग्यात अख्ख्या गावाला कळलं होतं. भाजीवाल्या बाया येऊ लागल्या. शाळेच्या रिक्षा येऊ लागल्या. आम्ही चालायचं थांबलो आणि गाव चालायला लागलं. आता खरंखुरं.

मी गल्लीच्या तोंडावर उभा राहिलो, हात आडवे करून. "गल्ली बंद आहे, फिरून जावा."

"कशापायी बंद?" एक भाजीवाली म्हणाली. तिच्या डोक्यावर मेथीचं ओझं.

"म्हातारीचं घर जातंय."

"मग मी उडत जाऊ व्हय, आण्णा?" तिनं मला कोपरानं बाजूला केलं आणि गेली. तिचं चुकलं का? तिच्या मानेवर वीस किलो. फिरून गेलं तर अर्धा कोस.

ती जाईल तसे दिवे लागत गेले, एकामागोमाग एक.

यादीच्या आदल्या शनिवारी कट्टा भरला. चार वर्षांत पहिल्यांदा. चाळीस न्हाई, शंभर माणसं. मला वाटलं, आली माझी माणसं. पण रिक्षावाल्यांच्या संघटनेचा म्होरक्या उठला आणि म्हणाला, "आण्णा, आमचं गाऱ्हाणं तुमच्यावरच हाय. तुम्ही रस्ता अडवताय म्हणं."

दुसरी बाई म्हणाली, "माझ्या सुनेला कळा सुरू झाल्या तवा ॲम्ब्युलन्स अकराव्या गल्लीतनं गेली म्हणून वेळंत पोचली. रुंद हू दे की."

"बारा मीटर झाला तर सगळ्यांचंच भलं," कुणीतरी मागनं म्हणालं. टाळ्या पडल्या.

मी उठलो. बावीस वर्षं बोलतोय कट्ट्यावर, कधी शब्द शोधावा लागला न्हाई. त्या दिवशी उठलो तसा परत खाली बसलो. काय म्हणणार? अडलेली बाई वेळेत पोचली ते वाईट झालं, असं म्हणू? आणि ह्यातल्या निम्म्या लोकांनी माझी मिसळ खाल्लेली. त्यांना वाटत होतं, आण्णांनीच रस्ता आणला. एकानं तर हारपण आणला होता.

कल्लव्वा पायरीच्या कडेला बसली होती, गुडघ्याला मिठी मारून. लोक पांगले तेव्हा मी तिच्याशेजारी खाली बसलो. पोपट जरा लांब उभा राहिला, तोंड फिरवून.

"जातंय न्हवं घर?" तिनं विचारलं.

"जातंय. खोली मिळंल. गावाबाहेर, नव्या वसाहतीत."

"हं." ती अंगठ्यानं फरशी उकरत बसली. मग म्हणाली, "भूपाल, एक खरं सांग. त्या फेऱ्या मी बी मारल्या. लई मारल्या. हौसनं. माज्या पावलांनी बी मोडलं का रं माजं घर?"

हाच घास तिच्या घशात अडकला होता, तीन महिने. आणि उत्तर माझ्या घशात, त्याच्याही आधीपासनं.

"न्हाई कल्लव्वा," मी म्हणालो. "तुझं एकबी पाऊल मोजलं न्हाई. त्या यंत्राला तुझी पावलं कळतच न्हाईत. तुला ते कुत्रं समजतं."

पोपट दचकून वळला. मला वाटलं आता म्हातारी रडंल, न्हाईतर माझ्या तोंडात मारंल. मारावंच, असं वाटत होतं.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. खरं बोलतोय का ते बघत होती. मग छातीवर हात ठेवून तिनं लांब श्वास सोडला.

"मग बरं झालं बाबा," ती म्हणाली. "माजा हात न्हाई त्यात."

घर एका सकाळी गेलं. चहा निवायला लागतो तेवढा वेळ. तुळस मी माझ्या घरी नेली. बुलडोझर भिंत ढकलत होता तेव्हा मी रस्त्यावर उकिडवा बसून तळहात जमिनीला लावला, जुन्या सवयीनं. सगळं कळत होतं. बुलडोझरची साखळी, मागं हॉर्न मारणाऱ्या रिक्षा, थांबलेल्या माणसांची चुळबुळ. कल्लव्वा माझ्या शेजारून चालत गेली, विटा बघायला. तळहाताला काही लागलं न्हाई. मग चाहूलला तरी काय बोलू?

आता अकरावी गल्ली म्हणत न्हाईत, मुख्य रस्ता क्रमांक तीन म्हणतात. शाहीनचा अर्ज अजून रांगेत आहे. रस्ता चांगला झालाय, मी पण त्याच्यावरनं जातो. कट्ट्यावर पुन्हा मी, पोपट आणि ते कुत्रं.

आणि कल्लव्वा. दर शनिवारी ती वसाहतीतनं बसनं येते, कट्ट्यावर बसते, गाऱ्हाणं काही सांगत न्हाई. मी वही उघडतो, तारीख घालतो, तिचं नाव लिहितो. अंधार पडला की ती उठते. "येतो रं," म्हणते, आणि जिथं तिचं घर होतं त्या बाजूनं स्टँडकडं निघते. भाजीबाजार उठलेला असतो, रस्ता रिकामा. खांब उभे, पण एक दिवा तिच्यासाठी लागत न्हाई.

म्हणून मी सोबत जातो. गुडघे दुखतात, पण पोराच्या लग्नात घेतलेले जड बूट घालतो आणि प्रत्येक पाऊल आपटत टाकतो. धाप, धाप, धाप. एकेक दिवा लागत जातो.

"हळू चाल की जरा," कल्लव्वा म्हणते. "बेंदराच्या मिरवणुकीतला बैल हाईस का?"

मी आणखी जोरात आपटतो.